बाळंतपण आणि बाळाचं पहिलं वर्ष: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रसूती विभागात परिचारिका म्हणून तीस वर्षं काढली. निवृत्त झाले तरी रामबागेतल्या आमच्या घराची बेल वाजते ती बहुतेकदा याच कामासाठी. कुणाच्या सुनेला दिवस गेलेले असतात, कुणाचं बाळ रात्रभर रडलेलं असतं. इंदूरच्या मराठी घरात बाळंतपण आलं की सल्ले तिन्ही बाजूंनी येतात. सासूबाई त्यांच्या माहेरची पद्धत सांगतात, शेजारच्या भाभी माळव्यातली सांगतात, आणि डॉक्टर तिसरंच काहीतरी लिहून देतात. मुली गोंधळतात. माझी कसोटी साधी आहे. आईला नीट खाऊ घालणारं आणि विश्रांती देणारं जे जे आहे ते ठेवा. बाळाच्या तोंडात आईच्या दुधाखेरीज काही घालायला लावणारं, किंवा डॉक्टरकडे जायला उशीर करवणारं जे आहे ते सोडा. खालची उत्तरं त्याच कसोटीवर घासलेली आहेत.

पाळी चुकली आहे. तीन महिने कुणाला सांगू नये म्हणतात, मग डॉक्टरकडे कधी जायचं?

पाहुण्यारावळ्यांना नका सांगू, पण डॉक्टरांना लगेच सांगा. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतो ती गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत मिटते, म्हणजे पुष्कळदा आपल्याला नक्की कळायच्या आतच. म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवं असं ठरवल्या दिवसापासून घ्यायची असते. घेतली नसेल तर आज सुरू करा. पहिल्या १२ आठवड्यांत नाव नोंदवून हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, लघवी, तसंच एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसच्या तपासण्या करून घ्या. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर ते कार्डावर ठळक लिहून घ्या. अँटी-डी नावाचं इंजेक्शन सातव्या महिन्यात आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत लागतं.

सकाळी उठवत नाही, सारखं मळमळतं.

उशाशी डब्यात परमल, म्हणजे कुरमुरे, किंवा भाजलेले चणे ठेवा. पाय जमिनीवर टेकण्याआधी मूठभर चावून खा, मग पाच मिनिटांनी उठा. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते, म्हणून दर दोन-तीन तासांनी थोडंथोडं खायचं. चौदा-सोळा आठवड्यांपर्यंत बहुतेकींचं निवळतं. पाणीही टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, वजन उतरत असेल तर मात्र घरगुती उपायांवर दिवस काढू नका. सलाइन लागतं, आणि लावलं की एक-दोन दिवसांत चेहऱ्यावर जीव येतो.

लोहाच्या गोळ्या घेतेय तरी हिमोग्लोबिन ९ च्या पुढे सरकत नाही. काय चुकतंय?

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. ९ म्हणजे मध्यम. मी अशा मुलींना आधी एकच विचारते: गोळी कशाबरोबर घेतेस? आपल्याकडचं उत्तर ठरलेलं असतं. सकाळी पोहे, पोह्यांबरोबर चहा, आणि चहाच्या घोटाबरोबरच गोळी. चहातल्या द्रव्यांमुळे लोह अंगी लागत नाही. दुधानेही तेच होतं, आणि कॅल्शियमची गोळी सोबत घेतली तरी तेच. पोह्यांवर लिंबू पिळता ते उत्तम, लिंबामुळे लोह शोषलं जातं. चहा तेवढा तासाभरानंतर घ्या. लोहाची गोळी दुपारी किंवा रात्री, लिंबूपाणी किंवा मोसंबीच्या फोडींबरोबर. कॅल्शियमच्या दोन गोळ्या दोन वेगळ्या जेवणांसोबत, लोहापासून दोन तास लांब.

शौच काळी होते, घाबरू नका. बद्धकोष्ठ झालं तर पाणी, पेरू, पालेभाजी वाढवा आणि डॉक्टरांना गोळी बदलून मागा; परस्पर बंद करू नका. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे निदान १८० गोळ्या पोटात जायला हव्यात, आणि बाळंतपणानंतर आणखी १८०. हिमोग्लोबिन कमी असेल तर दिवसाला दोन देतात, त्यानेही वाढलं नाही तर शिरेतून लोह देतात. चौथ्या महिन्यानंतर जंताचं औषधही एकदा देतात, ते टाळू नका. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटत असेल तर ते डोहाळे म्हणून हसण्यावारी नेऊ नका, पुष्कळदा ती लोहाच्या कमतरतेची खूण असते.

डोहाळे सराफ्यातल्या, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातल्या, चाटचे लागलेत. खाल्लं तर चालेल?

मन मारू नका, पण निवडून खा. समोर कढईतून निघालेला गरम गराडू (तळलेला कंद), वाफाळता भुट्ट्याचा कीस खुशाल खा. पाणीपताशाचं (पाणीपुरीचं) पाणी, उघडी चटणी, बर्फाचा गोळा, उसाचा रस नऊ महिने नको. दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ एरवी माणूस पचवतो, पण शेवटच्या महिन्यांत ती आईच्या जिवावर बेतते. मी ते पाहिलं आहे, म्हणून इथे मला सूट देता येत नाही. घरी पुदिन्याचं पाणी उकळून गार केलेल्या पाण्यात करा, शेजारणींनाही बोलवा.

पपई, ग्रहण, केशराचं दूध?

पिकलेली पपई थोडी खाल्ल्याने काही होत नाही. कच्ची, चीक असलेली टाळा. ग्रहणाने बाळाचा ओठ फाटत नाही, आणि त्या वेळात उपाशीतापाशी अंधारात बसल्याने चक्कर मात्र येते. केशराने रंग उजळत नाही. आवडतं म्हणून प्या.

हातापायांवर सूज आहे. सगळ्या म्हणतात, या दिवसांत येतेच.

पायांवर संध्याकाळी थोडी सूज, सकाळी उतरलेली, ही पुष्कळजणींना येते. चेहऱ्यावर आणि हातांवर एकाएकी आलेली सूज वेगळी.

माझ्या भाचीचं डोहाळेजेवण होतं, आठवा लागलेला. हिरवी साडी, फुलांची वाडी, अंगणात झोपाळा सजवलेला. बांगडीवालीने महिनाभर आधी घेतलेल्या मापाच्या बांगड्या आणल्या होत्या. पहिलीच बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडली. साबण लावला, तेल लावलं. हात लाल झाला, बांगडी काही चढेना. बायका हसल्या, ‘मुलगी अंगाने भरली हो’ म्हणाल्या. तिने माझ्याकडे पाहून कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘मावशी, सकाळपासून डोकं ठणकतंय, आणि तुझ्या मागे चमचम दिसतंय.’ मी ओटी तशीच ठेवली आणि तिला रिक्षात घातलं. बीपी १७० वर ११० निघालं, लघवीत प्रथिनं होती. चार दिवसांनी सिझर झालं. बाळ पावणेदोन किलोचं, तीन आठवडे नवजात अतिदक्षता विभागात होतं. आता शाळेत जातं. ओटी मी नंतर भरली, मांडीवर बाळ घेऊनच.

म्हणून सांगते, विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा जास्त, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगड्यांखाली दुखणं, तोंडाहातावर सूज. यातलं एकही आलं तर त्याच दिवशी दवाखाना, मग घरात कोणताही समारंभ असो. आधीच्या खेपेला बीपी वाढलं असेल तर या वेळी पहिल्याच भेटीत सांगा. कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन तिसऱ्या महिन्यानंतर लवकर सुरू केली तर उपयोग होतो, पण ती डॉक्टरांनीच द्यायची. आणि शेव ताटातून कमी करा. इंदुरात हे सांगणं अवघड आहे, कल्पना आहे मला.

ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त घेतलं आणि साखर आली. माझ्या घरात कुणालाच मधुमेह नाही!

वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे ही साखर वाढते, घराण्यात नसली तरी. ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. पहिली तपासणी नॉर्मल असली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची. जिलबी बंद, पोह्यांत मटार-शेंगदाणे वाढवून प्रमाण बेताचं, प्रत्येक जेवणानंतर १५-२० मिनिटं चालणं. एवढ्यावर पुष्कळजणींची साखर आटोक्यात येते. इन्सुलिन लागलं तर घ्या, त्याने बाळाला अपाय होत नाही. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा, कारण पुढे मधुमेह होण्याचा धोका अशा बायकांना जास्त असतो.

बाळ किती हललं पाहिजे?

पहिलटकरणीला १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास पोटात मासोळी फिरल्यासारखं वाटू लागतं. २८ आठवड्यांनंतर प्रत्येक बाळाची आपली एक चाल ठरते, कुणी जेवणानंतर, कुणी रात्री आई आडवी झाली की. ती चाल तुमच्याइतकी कुणालाच माहीत नसते. ती मंदावली असं वाटलं तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर पडा आणि लक्ष द्या. दोन तासांत दहा वेळा हललं नाही तर निघा. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. ‘उगाच आलात’ असं कुणी म्हणालं तर ती चांगली बातमी समजा.

सोनोग्राफीत मुलगा की मुलगी कळतं का?

विचारणं आणि सांगणं दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. ११ ते १३ आठवड्यांची आणि १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी बाळाची घडण नीट आहे ना, हे पाहायला असते. ती चुकवू नका.

पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर पुण्याला आहे. कधी जाऊ?

जायचंच असेल तर २८ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान, त्यापुढे नको. रेल्वेत खालच्या बर्थच्या कोट्यात गर्भवतींनाही जागा मिळते, ती मागा. तास-दीड तासाने उठून डब्यात फेरी मारा, कारण एका जागी बसून पायात रक्त गोठू शकतं. कारमध्ये पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांवरून घ्यायचा. विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि साधारण ३६ आठवड्यांनंतर घेत नाहीत. सगळ्या रिपोर्टांची फाइल हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. बीपी, साखर, जुळं, वार खाली असणं, यातलं काही असेल तर जाऊ नका. आईलाच इंदूरला बोलवा. मला स्वतःला तेच जास्त बरं वाटतं: नऊ महिने ज्या डॉक्टरांनी पाहिलं त्यांच्याच हातून सुटका होते आणि बाळाचा बाबा पहिल्या दिवसापासून जवळ असतो. पुण्याला बाळ ठेवून बाबा इंदूरला फोटो पाहत बसतो, ते मला बघवत नाही.

गुरुजींनी सिझरसाठी मुहूर्त काढून दिलाय.

सिझर आधीच ठरलेलं असेल आणि ३९ आठवडे भरले असतील, तर त्यानंतरचा दिवस डॉक्टरांच्या सोयीने निवडा, हरकत नाही. मुहूर्तासाठी ३७ व्या आठवड्यात बाळ काढायला लावू नका. फुप्फुसं तयार होण्याचे ते शेवटचे दिवस असतात. पहाटे चारच्या मुहूर्तालाही माझा विरोध आहे, त्या वेळी विभागात हात कमी असतात.

दवाखान्यात निघायचं केव्हा?

कळा पाच-पाच मिनिटांनी येऊ लागल्या आणि तासभर तशाच राहिल्या की. पाणी गेलं, रक्त गेलं, झटका आला किंवा बाळ हलेनासं झालं तर कळांची वाट न पाहता. गाडी नसेल तर १०८ लावा, फुकट आहे. छत्तिसाव्या आठवड्यात पिशवी भरून दाराशी ठेवा: फाइल, आधार, बँकेचं पासबुक, धुतलेल्या मऊ जुन्या साड्यांची दुपटी, आईचे समोरून उघडणारे गाऊन. बाळासाठी नवीन कपडे न धुता नेऊ नका.

सरकारी मदत कुठली मिळते?

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. इंदुरात एमटीएच, पी. सी. सेठी आणि एमवाय ही नावं तुम्हाला माहीतच आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. मातृवंदना योजनेत पात्र मातांना पहिल्या बाळाला ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. जननी सुरक्षा योजनेचे शहरात १,०००, खेड्यात १,४००. आशा किंवा अंगणवाडीताईंकडे कागद द्या. नोकरी असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा तुमचा हक्क आहे, त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात.

जापेवाली बाई ठेवलीय. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, पाणी कमी प्यायचं… यातलं काय खरं?

जापेवाली, म्हणजे बाळंतिणीची सेवा करणारी बाई, मोठा आधार असते. तिचा मान ठेवा, मालिश करून घ्या, चाळीस दिवस घरकाम टाळा. मात्र पलंगाला खिळून राहू नका, घरातल्या घरात हिंडाफिरायचं. सिझर झालं असेल तर टाक्यांवर तेल नको. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू, बाळंतशोपा, खसखशीची खीर सगळं चालेल, पण लाडू म्हणजे जेवण नव्हे. वरण, भाजी, दही, अंडं खात असाल तर अंडं, हे रोज हवं.

पाणी तोडणं साफ चूक. दूध पाण्यावाचून बनत नाही, आणि लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ मागे लागतं. आणि बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी कधीही नको. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आई-बाळ झोपेतच गुदमरतात. शेकायचं तर गरम पाण्याची पिशवी आहे. रक्तस्राव पुन्हा वाढला, तासाला एक पॅड भिजू लागला, ताप आला, स्रावाला घाण वास आला किंवा एकाच पोटरीत दुखून सूज आली, तर त्याच वेळी दवाखाना.

तीन दिवस झाले, दूधच येत नाही. सासूबाई मध आणि गुटी द्यायला सांगतात.

दूध येतंय. पहिल्या दिवसांत जो पिवळसर चीक येतो तेच त्याचं पहिलं दूध, चमचाभरच असतो आणि नवजात बाळाच्या पोटालाही तेवढंच मावतं. जन्मल्यावर तासाभरात छातीशी लावा, सिझर असलं तरी. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि बोंडाभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात गेलेला असावा. नुसतं बोंड चोखलं तर चिरा पडतात आणि दूधही उतरत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा भरतो. पहिल्या आठवड्यात वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांत भरून येतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा दुपटी ओली होत असतील तर पोट भरतंय.

आता गुटी. आमच्या आईकडची सहाण अजून माझ्याकडे आहे, मधोमध झिजून खळगा पडलेली. मुरुडशेंगेचे दोन वेढे, हळकुंडाचा एक, जायफळाचा अर्धा, असं मोजत ती उगाळायची आणि पांढऱ्या कापसाच्या बोळ्याने पाजायची. त्यातली माया मला कळते. पण त्या सहाणेवरचं पाणी आणि तो बोळा जंतू घेऊन येतो, आणि वेखंड-जायफळ जरा जास्त झालं तर बाळ गुंगतं. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नको, मे महिन्याच्या उन्हाळ्यातसुद्धा. मध तर वर्षभर नकोच, त्यातल्या एका जंतूमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर सहाण त्यांच्याच हाती द्या आणि सुंठ उगाळून बाळंतिणीच्या दुधात घालायला सांगा. मी कितीतरी घरांत हे करवलं आहे आणि आजीचा मान आजीकडे राहिला आहे.

काजळ, नाळ, अंघोळ?

काजळ डोळ्यांत नको, शिसं असू शकतं. नाळेला तेल-हळद काही नको, कोरडी ठेवा, आपोआप पडते. पहिली अंघोळ निदान २४ तासांनी. मालिश हलक्या हाताने करा, पण नाकाकानात तेल सोडू नका आणि छाती पिळून ‘दूध काढू’ नका. झोपवायचं पाठीवर.

बाळ पिवळं दिसतंय.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येऊन आठवड्याभरात उतरणारी कावीळ सर्रास असते. पहिल्या २४ तासांत दिसली, तळपाय पिवळे झाले किंवा बाळ पिईनासं झालं, तर लगेच दाखवा. खिडकीतल्या उन्हावर विसंबून राहू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तरीही तेच, घरी औषध पाजून वाट पाहायची नाही.

सगळं छान झालं, तरी मला सारखं रडू येतं. मी वाईट आई आहे का?

नाही, मुळीच नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण डोळे भरून येणं पुष्कळजणींना होतं, दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही मन उदास राहिलं, बाळ झोपलं तरी झोप लागेना, बाळाबद्दल काहीच वाटेना, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. दूध पाजतानाही चालतील अशी औषधं आहेत. १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर दिवसरात्र कधीही फोन करता येतो. इजेचे विचार असतील तर त्या बाईला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

घरच्यांना सांगते. बारशाला आलेला प्रत्येकजण पाळण्यात वाकून बघतो. पाळण्याशेजारी बसलेल्या मुलीला ‘तू जेवलीस का, रात्री झोपलीस का’ असं विचारणारं एक तरी माणूस घरात हवं. तिने रडून सांगितलं तर ‘आम्ही नाही का चार काढली’ असं म्हणू नका. त्या चारांपैकी एखाद्या वेळी तुम्हीही मोरीत जाऊन रडला असाल.

मी बाबा होणार आहे. मी काय करू?

प्रत्येक तपासणीला सोबत जा. रात्रीच्या एका वेळेला ढेकर काढणं आणि दुपटं बदलणं तुमचं. पाहुण्यांना ‘आज नको’ सांगायचं कामही तुमचं, ते तिला सांगता येत नाही. पुढचं मूल तीन वर्षांनी, याचा विचार दोघांनी मिळून दवाखान्यातच करा. पाळी सुरू व्हायच्या आधीही दिवस राहू शकतात.

घरात मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी. मूल गोंधळून उशिरा बोलेल का?

उशिरा बोलत नाही. दोन भाषांतले शब्द मिसळतं, ‘आई, पानी दे’ म्हणतं, ते पुढे आपोआप निवळतं. दोन्ही भाषांतले मिळून शब्द मोजायचे. वर्षाचं होऊन नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाला एकही अर्थाचा शब्द नसेल, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नसेल, तर भाषेला दोष न देता आधी कान तपासून घ्या. तेवढ्यासाठी मराठी सोडू नका. आज्जीने तिच्या भाषेत ‘इथे इथे बस रे मोरा’ म्हणत बाळाच्या तळहातावर बोट टेकवलं की बाळ मूठ मिटतं, आणि बोट सोडतच नाही.